घरकर्जाच्या तोंडावर बँक बदलून बोनस घ्यावा का? (इंग्लंड)

कृष्णाकाठ (रेडिंग)

नमस्कार. इथे इंग्लंडात बरीच वर्षं काढलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते.

आम्ही मिरजेचे. २०२२ च्या ऑक्टोबरात मी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाले. चार महिन्यांनी नवरा आणि लेक आली. आता तीन वर्षं होत आली. भाडं दरमहा १,३५० पौंड जातं. पोटाला चिमटा घेऊन ३४,००० पौंड बाजूला टाकलेत आणि येत्या एप्रिलात मॉर्गेजसाठी, म्हणजे घरकर्जासाठी, अर्ज करायचा विचार आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट बघतोय, किंमत २,९०,००० च्या आसपास.

झालं असं की परवा नाइट ड्यूटीला, पहाटे तीनच्या चहाला, वॉर्डातल्या मैत्रिणीने मला फोनवर तिची खाती दाखवली. ती केरळची, माझ्या आधी दोन वर्षं आलेली. चौदा महिन्यांत तिने तीनदा बँक बदलली. एकीने १७५ पौंड दिले, दुसरीने १५०, तिसरीने २००. एकूण ५२५! आमचं महिन्याचं वाणसामान आणि गॅस-वीज त्यात भागून वर उरतील. ती म्हणाली, "काही करावं लागत नाही ग, फॉर्म भरायचा, सात दिवसांत सगळं आपोआप तिकडे जातं."

घरी आले, झोप काही लागेना. पैसे हवेसे वाटतात, पण मनात चार शंका आहेत.

पहिली, क्रेडिट स्कोअरची. इथे आलो तेव्हा आमची क्रेडिट फाइल कोरी होती. भारतातला सिबिल इथे कोणी विचारत नाही. साधा फोनचा करारसुद्धा मिळाला नव्हता, सहा महिने प्रीपेड सिम वापरलं. तो स्कोअर मी कार्ड वेळेवर भरून भरून वर आणलाय. तो पडला तर?

दुसरी, जुनं खातं बंद होतं म्हणतात. माझं खातं या देशातलं माझं पहिलं खातं. पत्त्याचा पुरावा नव्हता तेव्हा हॉस्पिटलच्या पत्रावर उघडलेलं. ते बंद झालं तर तीन वर्षांचा इतिहास गेला का?

तिसरी, पगार, भाडं, काउन्सिल टॅक्स (इथल्या पालिकेची घरपट्टी) यातलं काही मध्येच अडकलं तर? घरमालक दोन दिवससुद्धा थांबणारा नाही.

आणि चौथी, नवरा म्हणतो तू नको बदलूस, मी बदलतो, म्हणजे तुझा स्कोअर शाबूत राहील. पण मॉर्गेज तर दोघांच्या नावावर घ्यायचंय. मग त्याचा उपयोग काय?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. ऐकीव नको.

अजिंक्यताऱ्याखालचा (लेस्टर)

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. घराच्या किल्ल्या हातात पडेपर्यंत तुम्हा दोघांचीही खाती जागची हलवू नका. नंतर खुशाल हलवा. मी २०२१ पासून पाच वेळा बँक बदललीय, त्यातल्या चार वेळा पैसे मिळाले, एकदा हातातोंडाशी आलेला घास गेला. म्हणजे ऐकीव नाही.

तुमच्या मैत्रिणीने सांगितलं ते खरंच आहे. यात फसवाफसवी नाही. इथला माणूस एकदा खातं उघडलं की जन्मभर तिथेच राहतो आणि ज्या खात्यात पगार पडतो त्याच बँकेकडून तो पुढे कार्ड घेतो, कर्ज घेतो, विमा घेतो. तेवढ्यासाठी बँक शे-दोनशे पौंड मोजायला तयार असते. आपण नियम पाळून घेतले तर ते आपल्या हक्काचे.

तुमची तिसरी शंका सगळ्यात सोपी, म्हणून ती आधी घेतो. मी एका कारखान्याच्या पगार विभागात काम करतो, त्यामुळे हे दुसऱ्या बाजूनेही बघतो. २०१३ च्या सप्टेंबरपासून इथे करंट अकाउंट स्विच सर्व्हिस आहे. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे करंट खातं व्यापाऱ्याचं असतं, इथे पगाराच्या साध्या खात्यालाच करंट अकाउंट म्हणतात.) तुम्ही फक्त नव्या बँकेला सांगायचं. जुनीला फोनही करावा लागत नाही. सात कामाच्या दिवसांत शिल्लक, डायरेक्ट डेबिट (आपण परवानगी दिलेली कंपनी खात्यातून कापते ते पैसे), स्टँडिंग ऑर्डर (आपण ठरवून खात्यातून नेमाने पाठवतो ती रक्कम) सगळं नव्या खात्यात जातं आणि जुनं बंद होतं. त्यानंतरही कोणी जुन्या क्रमांकावर पैसे पाठवले तर निदान तीन वर्षं ते नव्या खात्याकडे वळवले जातात. आमच्याकडे एखाद्या कामगाराने खातं बदललं आणि सांगायला विसरला तरी पगार बरोबर पोचतो, शिवाय बदललेला क्रमांक यंत्रणेकडूनच आम्हाला कळवला जातो. या प्रक्रियेत चूक होऊन व्याज किंवा दंड लागला तर तो भरून द्यायची हमी आहे. भाडं अडकण्याची भीती मनातून काढून टाका.

पण एक गोष्ट या सात दिवसांत येत नाही. जे पैसे खात्यातून न जाता कार्डाच्या नंबरावरून दरमहा कापले जातात, ते. जिम, टीव्हीची वर्गणी, असली. माझ्या मुलाच्या पोहण्याच्या वर्गाची फी अशी कार्डावरून जायची. जुनं कार्ड मेलं, फी गेली नाही, ईमेल माझ्या स्पॅममध्ये. शनिवारी सकाळी टॉवेल काखेत मारून पोरगं दारात उभं आणि तिथली बाई म्हणते, जागा दुसऱ्याला दिली. पुन्हा नंबर लागायला तीन महिने गेले. तेव्हापासून खातं बदलायच्या आधी मी तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढतो आणि कार्डावरून जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने खूण करतो.

आता क्रेडिटचं. इथेच आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो.

फोनवरच्या ॲपमध्ये जो स्कोअर दिसतो, तो बँक बघत नाही. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था तुमची फाइल ठेवतात आणि तिघी आपापल्या मापाने तुम्हाला एक आकडा दाखवतात. मॉर्गेज देणारा तो आकडा मागत नाही. तो फाइल मागवतो आणि आपल्या फुटपट्टीने मोजतो. म्हणून स्कोअर किती पडेल यापेक्षा फाइलमध्ये काय लिहिलं जाईल, हा प्रश्न विचारायचा.

काय लिहिलं जातं? नवं खातं मागितलं की बँक तुमची फाइल बघते. काही बँका हार्ड सर्च करतात, त्याची नोंद दुसऱ्या बँकांनाही दिसते. काही नुसता सॉफ्ट सर्च करतात, तो फक्त तुम्हाला दिसतो. कोणती बँक काय करते ते अर्जाच्या शेवटच्या पानावर, 'मान्य आहे' दाबायच्या वर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय दाबू नका. आणि अर्जात 'ओव्हरड्राफ्ट हवा का' असं विचारतात तिथे नको म्हणा. ओव्हरड्राफ्ट मागितला म्हणजे उधारी मागितली, मग सॉफ्टवाली बँकसुद्धा हार्ड करू शकते.

एका हार्ड सर्चने आभाळ कोसळत नाही. मी एकदा चार महिन्यांत दोन बँका बदलल्या तेव्हा माझा आकडा ३४ ने उतरला आणि सातव्या महिन्यात होता तिथे परत आला. त्या काळात गाडीचं कर्ज मिळालं, व्याज वाढवून लावलं नाही. वाईट दिसतं ते थोड्या दिवसांत पाठोपाठ झालेले सर्च. फाइल बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस दारोदार पैसे मागत फिरतोय. तो बोनससाठी फिरतोय हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरी शंका जुन्या खात्याची. बंद झालेलं, स्वच्छ वापरलेलं खातं फाइलमधून लगेच पुसलं जात नाही, त्याची नोंद काही वर्षं राहते. पण चालू असलेल्या खात्यांचं सरासरी वय खाली येतं आणि तुमच्यासारख्या तीन वर्षांच्या फाइलला ते जास्त लागतं. इथे जन्मलेल्याची वीस वर्षांची फाइल असते, त्याला एक खातं गेल्याने फरक पडत नाही. तुमचं ते हॉस्पिटलच्या पत्रावर उघडलेलं खातं कधीच मोडू नका. मीही माझं पहिलं खातं मोडलेलं नाही. त्याच बँकेत दुसरं खातं उघडलं, त्यावर दोन डायरेक्ट डेबिट नेले आणि दरवेळी ते दुसरं खातं फिरवलं. माझ्या बँकेने दुसऱ्या खात्यासाठी नवा हार्ड सर्च केला नव्हता, तुमच्या बँकेला विचारून घ्या.

माझे पैसे कुठे गेले तेही सांगतो, म्हणजे तुमचे जाणार नाहीत. साताऱ्याहून आणलेल्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मी प्रत्येक बँकेचं एक पान करतो. अर्जाची तारीख, खातं बदलल्याची तारीख, किती दिवसांत किती पैसे भरायचे, किती डायरेक्ट डेबिट, बोनस कधी. तिसऱ्या पानावर शेवटचा रकाना रिकामा आहे. त्या बँकेची अट होती की बदलल्यापासून ६० दिवसांत दोन डायरेक्ट डेबिटचे पैसे प्रत्यक्ष गेले पाहिजेत. मी नेले दोन, पाणी आणि काउन्सिल टॅक्स. खातं बदललं जानेवारीच्या शेवटी. आता काउन्सिल टॅक्सचे हप्ते बहुतेकांचे दहा असतात, एप्रिल ते जानेवारी. फेब्रुवारी आणि मार्च कोरे. डायरेक्ट डेबिट खात्यावर होता, पण त्यातून पैसेच गेले नाहीत. १७५ पौंड बुडाले. बँकेची चूक नव्हती. अट स्पष्ट लिहिली होती, मी कॅलेंडरशी ताडून बघितली नाही.

आता तुमचा हिशेब. ३४,००० मधले २९,००० डिपॉझिट, म्हणजे घरासाठी आपल्या खिशातून भरायची रक्कम, धरले तर २,६१,००० कर्ज. अर्जात कुठे खटकलं आणि पाव टक्का जास्त दर लागला, तर पहिल्याच वर्षी साडेसहाशे पौंडांच्या आसपास व्याज जास्त. बोनस १७५. मॉर्गेजवाला साधारण तीन महिन्यांची स्टेटमेंट मागतो, डिपॉझिट कुठून साठलं हे बघायला काही जण सहा महिन्यांची. ती एकाच बँकेची, एकसलग, दरमहा पगार आत आणि बचत बाजूला अशी असली की तपासणाऱ्याला विचारायला काही राहत नाही. मध्येच खातं बदललं की दोन बँकांचे कागद, आणि जुन्या बँकेचं ॲप बंद झाल्यावर जुनी स्टेटमेंट मिळवायला पत्रव्यवहार. आज बदललंत तरी एप्रिलपर्यंत सर्चला सहा महिने होतील आणि कदाचित कोणी ढुंकूनही बघणार नाही, हे मान्य. पण तुमच्या जागी मी असतो तर नसतं केलं.

नवऱ्याने बदलायचं, हाही मार्ग नाही. अर्ज दोघांचा म्हणजे फाइल दोघांची बघणार.

आणि शेवटचं, तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात महत्त्वाचं. मतदार यादीत नाव घातलंय का? आपण कॉमनवेल्थ देशाचे नागरिक. वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीयाला या देशात मतदार म्हणून नोंदणी करता येते आणि मतदानही करता येतं. दरवर्षी उन्हाळा संपता संपता काउन्सिलकडून पत्र येतं, या घरात कोण राहतं ते कळवा म्हणून. आपली माणसं 'आपण कुठे इथले नागरिक' म्हणून ते फेकून देतात. तुम्ही सांगता त्या पत्त्यावर खरंच राहता का, हे बँका याच यादीवरून ताडून बघतात. मी अडीच वर्षं ते पत्र फेकलं. ज्या महिन्यात नाव लागलं त्याच्या पुढच्या महिन्यात आकडा जेवढा चढला तेवढा वर्षभर कार्ड भरून चढला नव्हता. बोनसचा विचार नंतर करा, हे आज करा.

मँचेस्टरची भाकरी

सातारकरांचं बरंचसं पटलं, पण थोडी भीती जास्त घातलीत असं वाटतं. आम्ही मॉर्गेज अर्जाच्या दोन महिने आधी खातं बदललं होतं, १५० पौंड घेतले आणि कर्जही मिळालं. ब्रोकरला, म्हणजे कर्ज जुळवून देणाऱ्या मध्यस्थाला, आधी विचारलं होतं. तो म्हणाला एकच सर्च आहे, कार्ड आणि फोन वेळेवर भरलेत, काही अडचण नाही. दोन्ही बँकांची स्टेटमेंट दिली, झालं काम. आमची फाइल मात्र तेव्हा नऊ वर्षांची होती आणि डिपॉझिट पंचवीस टक्के होतं, हेही सांगायला हवं.

कृष्णाकाठ, तुम्ही ब्रोकर गाठला नसेल तर आत्ताच गाठा. एप्रिलची वाट बघू नका.

अजिंक्यताऱ्याखालचा (लेस्टर)

नऊ वर्षांची फाइल आणि पंचवीस टक्के, यातच सगळं आलं. तुमच्या ठिकाणी मीही केलं असतं. ताईंचं डिपॉझिट दहा टक्के आहे आणि व्हिसावर असताना कर्ज देणारे मुळात मोजके. त्यातल्या एकानेही नाही म्हणायला नको.

ब्रोकरबद्दल शंभर टक्के सहमत.

वेंब्लीची मावशी

अगं पोरी, मी १९८९ पासून इथे आहे. तेव्हा बँक बदलायची म्हणजे गॅसवाल्याला पत्र, विजेवाल्याला पत्र, विम्याला पत्र, आणि कोणीतरी एक जुन्याच खात्यातून पैसे मागायचा आणि दंड आपल्याला बसायचा. तुमच्या पिढीचं हे सात दिवसांचं बघून बरं वाटतं.

मी वेगळीच गोष्ट सांगायला आलेय, कारण वर कोणी बोललं नाही. या बोनसच्या नादात कोणाबरोबर जॉइंट खातं उघडू नकोस. माझ्या भाचीने उघडलं. जाहिरातीत दिलं होतं की जॉइंट खातं बदललं तरी बोनस मिळतो. तिचं स्वतःचं आधीच बदलून झालेलं, म्हणून घरात राहणाऱ्या मैत्रिणीबरोबर उघडलं. शंभर पौंड आले, पन्नास-पन्नास वाटून घेतले, खातं तीन महिन्यांनी बंद केलं. दीड वर्षाने भाचीला कार्ड नाकारलं. फाइल मागवून बघितली तर त्या मैत्रिणीचं नाव तिच्या नावाला जोडलेलं. मैत्रिणीने मधल्या काळात फोनची बिलं थकवली होती. खातं बंद झालं म्हणून ती जोडणी आपोआप सुटत नाही. या संस्थांना लिहून कळवावं लागतं की आता आमचा पैशाचा संबंध नाही, मग ते नाव काढतात. भाचीने तिन्ही ठिकाणी कळवलं, तेव्हा निस्तरलं.

नवऱ्याबरोबर मॉर्गेज घेतलंस की तुमच्या फाइली जोडल्या जाणारच. ते ठीक आहे, संसारच जोडलेला आहे. पण त्याआधी त्याचीही फाइल उघडून बघ. आपल्याकडे बायका विचारत नाहीत आणि पुरुष सांगत नाहीत. पैसे लागत नाहीत फाइल बघायला. दोघं शेजारी बसून बघा.

सदाशिव पेठ

पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे असा बोनस कोणी देत नाही, आणि खातं बदलणं म्हणजे अजून तुमच्या मावशींच्या १९८९ सारखंच आहे. नव्या बँकेत गेलं की एसआयपी, कर्जाचा हप्ता, विजेचं बिल सगळ्याचे मँडेट नव्याने करा. मात्र आपल्याकडे साधं बचत खातं उघडलं किंवा बंद केलं तर सिबिलला त्याचं काही नसतं. तिथे कर्जं आणि कार्डं मोजली जातात. त्यामुळे बँक बदलण्याचा आणि क्रेडिटचा संबंध असतो हे मला आज कळलं.

एक विचारतो ताई, विषय थोडा बाजूचा आहे. मिरजेतलं तुमचं जुनं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं खातं) करून घेतलंत का? परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली ते एनआरओ करावं लागतं. डिपॉझिटसाठी तिकडून पैसे आणणार असाल तर ऐनवेळी तिथेच अडकाल.

कृष्णाकाठ (रेडिंग)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सांगितलंत तसं एकेक करत होते.

खाती हलवलेली नाहीत. मैत्रिणीला सांगितलं, घर झाल्यावर बघू. तिला कार्डावरून जाणाऱ्या पैशांचं माहीत नव्हतं. तिची एक वर्गणी खरंच तशीच बंद पडली होती आणि तिला वाटत होतं कंपनीने बंद केली.

मावशी, तुमचं ऐकून रविवारी लेकीला झोपवून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि तिन्ही संस्थांकडच्या दोघांच्या फाइली काढल्या. सहा फाइली. मनात भीती होती, काय निघेल म्हणून. नवऱ्याच्या फाइलमध्ये २०२३ सालचं फोनचं एक बिल उशिरा भरल्याची खूण निघाली. तेव्हा आम्ही घर बदललं होतं, बिल जुन्या पत्त्यावर गेलं, त्याला पत्ताच नव्हता. तो गप्प बसला बराच वेळ. मी म्हटलं, बरं झालं आत्ता कळलं, एप्रिलात ब्रोकरच्या समोर कळलं असतं तर? त्याने कंपनीला पत्र लिहिलंय, पत्ता बदलल्याचा भाडेकरार जोडून. खूण निघेल की नाही ते त्यांच्या हातात. निदान खुलाशाच्या दोन ओळी फाइलमध्ये जोडता येतात असं कळलं, तेही करतोय.

दुसरं, माझा पत्ता दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेला. बँकेत 'फ्लॅट ३', कार्डावर '३ ए'. तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. कार्डवाल्यांना फोन करून सारखा करून घेतला.

आणि सातारकर दादा, मतदार यादी! ते काउन्सिलचं पत्र आमच्याही घरी आलं होतं. फ्रिजवर, लेकीने शाळेत काढलेल्या मोराच्या चित्रामागे, चुंबकाखाली दोन महिने पडून होतं. मी ते जाहिरातीचं समजत होते. त्याच रात्री दोघांची नावं ऑनलाइन भरली. पाच मिनिटं लागली. नवरा म्हणाला, मिरजेत यादीत नाव घालायला तीनदा तहसीलला गेलो होतो. आमच्या वॉर्डात आपल्या आणि केरळच्या मिळून अकरा जणी आहेत. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर विचारलं, तर यादीत फक्त दोघींची नावं होती. आता चहाच्या वेळेला सगळ्या फोन घेऊन बसल्यात.

सदाशिव पेठ, एनआरओचं दीर बघताहेत. बँकेने पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती मागितल्यात, उद्या पाठवते. सासऱ्यांकडून थोडे पैसे येणार आहेत. ब्रोकर म्हणाला, ते भेट म्हणून आहेत, परत करायचे नाहीत, असं त्यांच्या सहीचं पत्र लागेल. बरं झालं विचारलंत.

ब्रोकरचीही पहिली भेट झाली. त्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत कुठे अर्ज केलाय का?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

एक शंका राहिली. नवी मतदार यादी एक डिसेंबरला येईल असं काउन्सिलच्या बाईंनी सांगितलं. त्यानंतर फाइलमध्ये ते दिसायला किती दिवस लागतात? जानेवारीत पुन्हा सहाच्या सहा फाइली काढणार आहे.

अजिंक्यताऱ्याखालचा (लेस्टर)

माझं महिन्याभरात दिसलं होतं. जानेवारीच्या मध्यावर बघा, घाई करू नका. नाही दिसलं तर काउन्सिलला फोन करून नाव आणि पत्ता यादीत कसा छापलाय ते अक्षर न् अक्षर वाचून घ्या, तुमचा 'फ्लॅट ३' की '३ ए' हा घोळ तिथेही असू शकतो. आपली आडनावंही इथे वाटेल तशी लिहितात. माझ्या आडनावात एक अक्षर जास्त घातलं होतं, त्यामुळे बँकेला मी सापडतच नव्हतो.

आणि किल्ल्या मिळाल्या की इथे कळवा. वहीतला बँकांचा तक्ता तेव्हा पाठवतो.